मदत हवी आहे: पावसाळ्यात सेडम खालून काळे पडून चाललेत (डोंबिवली)

कुंडीतली_मी

पाऊस सुरू होऊन पाच आठवडे झाले आणि दोन दिवसांआड एक कुंडी रिकामी होतेय. आधी परिस्थिती सांगते. चौथा मजला, पश्चिमेची खिडकी, दीड फूट बाहेर काढलेली ग्रिल. वर पत्रा आहे, पण वारा फिरला की झड थेट आत. मेपर्यंत दुपारचं कडक ऊन असतं, आता कसलं ऊन.

दोन वर्षांत सक्युलंटचे, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांचे, २३ प्रकार जमवले. सेडममध्ये गाढवाची शेपटी, जेलीबीन, कुंडीभर पसरणारं सोनेरी सेडम आणि एक बारीक पानांचं, ज्याचं नाव नर्सरीवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "सक्युलंट". शिवाय कालिम्पाँगहून कुरिअरने मागवलेल्या ५ एचेवेरिया, ग्राप्टोपेटॅलम, हॉवर्थिया आणि जेड म्हणून घेतलेलं एक झाड, जे पोर्टुलाकारिया निघालं. (त्याला काहीही झालेलं नाही. फसले ते बरंच झालं.)

होतं असं: खालची पानं आधी पारदर्शक होतात, साबुदाणा शिजल्यासारखी. बोट लावलं की गळतात. दोन दिवसांत देठ मातीलगत काळं, आणि शेंडा मात्र टवटवीत! त्यामुळे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. पाणी जूनपासून थेंबभरही घातलेलं नाही. माती नर्सरीतून आली तशीच आहे: कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), लाल माती, थोडं गांडूळखत. झड लागू नये म्हणून ग्रिलला जाड प्लास्टिक बांधलं, तर मरण्याचा वेग उलट वाढला.

सासूबाईंची पानफुटी त्याच ग्रिलमध्ये, तेलाच्या जुन्या डब्यात, मजेत आहे. त्या काही बोलत नाहीत. नुसत्या बघतात.

उरलेल्यांना कसं वाचवू? आणि आपल्या हवेत कोणाचा नाद सोडावा?

गच्चीवाला

सक्युलंटला पाणी कमी लागतं. पाणी कमी करा.

कुंडीतली_मी

दादा, थेंबभरही घातलेलं नाही असं वर लिहिलंय. याहून कमी कसं करू?

काटेरी_पुणेकर

ताई, आधी ते प्लास्टिक सोडा. आत्ता सोडा, मग पुढचं वाचा. झडीपेक्षा कोंडलेली हवा वाईट.

दुसरा गुन्हेगार कोकोपीट. एकदा भिजलं की जुलैत ते वाळतच नाही. तुम्ही पाणी घातलं नाहीत, पण झडीने घातलं, आणि ते महिनाभर मुळांशी बसून आहे.

तिसरं कारण आपल्या हातात नाही: रात्र. ही झाडं दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून हवा आत घेतात. या पद्धतीला नावच मुळी यांच्या क्रॅसुलेसी कुळावरून पडलं आहे. रात्र गार असेल तर हे काम सुरळीत चालतं. गाढवाची शेपटी मूळची मेक्सिकोची, बहुतेक एचेवेरियाही तिकडच्याच, डोंगराळ भागातल्या. डोंबिवलीत जुलैच्या रात्री हवा ना गार होते ना कोरडी.

आता वाचवणं. ज्यांचा शेंडा चांगला आहे ती सगळी आज कापा. ब्लेड स्पिरिटने पुसून घ्या. काप बघा: मधे तपकिरी ठिपका जरी दिसला तरी आणखी वर कापा, पूर्ण स्वच्छ हिरवट-पांढरं दिसेपर्यंत. इथे माया करू नका, मी केली होती आणि अख्खी कुंडी गेली. कापलेले शेंडे घरात पंख्याखाली वर्तमानपत्रावर ४-५ दिवस पडू द्या, जखम वाळली पाहिजे. मग कोरड्या मिश्रणात नुसते टेकवून ठेवा. मुळं धरेपर्यंत पाणी नाही.

मिश्रण: विटांचे वाटाण्याएवढे तुकडे आणि जाडी वाळू मिळून ३ भाग, माती आणि गांडूळखत मिळून १ भाग. विटांची भुकटी चाळून टाकाच, नाहीतर तिचा चिखल होतो. कुंडी मातीची, ३-४ इंची. मोठी घेण्याचा मोह होतो, पण मोठी कुंडी उशिरा वाळते.

मिशिगनची_माई

इथे माझी सेडम चार महिने बर्फाखाली असतात आणि एप्रिलमध्ये फुटतात, म्हणून भारतातल्या मैत्रिणी मला "तुझ्याकडची पाठव" म्हणतात. नका मागवू. सेडमच्या चारशेवर जाती आहेत. इथली स्पुरियम, काम्टशॅटिकम ही थंडीत झोपणारी मंडळी, त्यांना तुमच्याकडे झोपच मिळणार नाही.

पण एक सांगते. इथल्या डिअरबॉर्न शहरात फोर्डच्या ट्रक कारखान्याच्या छपरावर सुमारे १० एकर सेडम आहे. पाऊस थेट डोक्यावर पडतो, तरी टिकतं, कारण खाली मातीसारखा थर काही इंचांचाच आणि पाणी लगेच वाहून जातं. तेव्हा पुणेकरांचं मिश्रण मनावर घ्या.

कुंडीतली_मी

प्लास्टिक काढलं. कुंड्या उपसताना दोन एचेवेरियांच्या मुळांवर पांढरी पूड दिसली. बुरशी?

काटेरी_पुणेकर

कापसासारखी, चिकटलेली असेल तर मुळावरचा पिठ्या ढेकूण. माती फेकून द्या, मुळं धुवा, खराब मुळं छाटा, स्पिरिटचा बोळा फिरवा, वाळवा. ती कुंडी बाकीच्यांपासून लांब ठेवा.

आणि खरं सांगू? पानांवर मुळातच पांढरट पावडर असलेल्या एचेवेरियांचा नाद तिकडे सोडाच. कालिम्पाँगचा तो गुलाबी-जांभळा रंग गार रात्रींचा आणि स्वच्छ उन्हाचा असतो, खाली आल्यावर तो हिरवाच होणार. तुम्ही ग्राप्टोपेटॅलम, हॉवर्थिया, जेलीबीन आणि ते "फसवं" जेड, एवढ्यांत रमा.

कुंडीतली_मी

तीन आठवड्यांनी हिशेब देते. २३ पैकी ९ गेली, त्यात ४ एचेवेरिया. सोनेरी सेडमच्या गेलेल्या कुंडीतून चार काड्या वाचल्या आणि चारही लागल्या. गाढवाची शेपटी पूर्ण गेली, पण गळलेली चांगली पानं फेकवेनात म्हणून स्टीलच्या ताटात पसरून फ्रिजवर ठेवली होती. आज बघते तर अर्ध्याअधिकांना गुलाबी केसांसारखी मुळं! कोंब मात्र दोघा-तिघांनाच. आता मातीवर ठेवू की थांबू?

काटेरी_पुणेकर

मुळं आलेली तेवढी मिश्रणावर ठेवा, पुरू नका. चार-पाच दिवसांनी मुळांपाशी एक फवारा. कोंब मोठा झाला तरी जुनं पान ओढू नका, ते वाळून आपोआप सुटतं. आणि फ्रिजवरची जागा सासूबाईंना विचारून घेतलीत ना?