मासपालोमासच्या किनाऱ्यावर दोन-दोन काठ्या घेऊन चालणारे लोक, आणि आता आईलाही काठ्या हव्यात

तासगावची_लेक (श्टुटगार्ट)

नमस्कार मंडळी. आम्ही सध्या स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर आहोत, मासपालोमासला. आई-अण्णा तासगावहून तीन महिन्यांसाठी आलेत. श्टुटगार्टच्या डिसेंबरात आईचे गुडघे पार आखडले, म्हणून दहा दिवस इथे उन्हात आणलंय. इथे 22 अंश आहे, आई खूश आहे. प्रश्न काठ्यांचा आहे.

पहिल्याच सकाळी दीपगृहापाशी फिरायला गेलो तर समोरून वीसेक माणसांची पलटण आली. बहुतेक साठीच्या पुढचे जर्मन आणि स्वीडिश, अर्ध्या चड्ड्या, डोक्यावर टोप्या आणि प्रत्येकाच्या दोन्ही हातांत काठ्या. टक-टक, टक-टक. आईने बाजूला होऊन सगळ्यांना जाऊ दिलं आणि मग मला विचारलं, "पाय तर सगळ्यांचे धडधाकट आहेत गं. स्कीच्या काठ्या आणल्या, मग बर्फ कुठाय?" अण्णा म्हणाले, "माझ्या हातात काठी येईल तो दिवस म्हातारपणाचा. मला कुणी देऊ नका."

दुसऱ्या दिवशी एक उंच आजोबा एकटेच चालत होते. काठ्या कोऱ्या, एका काठीवर किमतीचं लेबल तसंच. त्यांचा उजवा पाय आणि उजवा हात एकदमच पुढे जायचा, मग डावा पाय आणि डावा हात. सगळं अंग डुलत होतं. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिक्षिका होती, दर पंधरा ऑगस्टचं लेझीम तिने बसवलेलं आहे. तिला ते बघवेना. मी नको नको म्हणेपर्यंत ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्यांचा डावा हात धरून पुढे केला, त्यांच्या उजव्या पायाकडे बोट दाखवलं आणि टाळी वाजवत म्हणाली, "एक-दोन, एक-दोन." आणि आजोबा चालायला लागले! पन्नास पावलं ती बाजूने टाळ्या देत गेली. जमल्यावर त्यांनी टोपी काढून तिला नमस्कार केला. तेव्हापासून रोज सकाळी ते लांबूनच "एक-दोन!" म्हणून हात करतात.

आता आईला स्वतःला काठ्या हव्यात. तिची उंची 152 सेंटिमीटर. लांबी किती घ्यायची? विमानात चालतात का? गुडघ्यांना खरंच फायदा होतो का? आणि तासगावच्या रस्त्यावर या चालतील का? कृपया नीट सांगा, तिने मनावर घेतलंय.

टाम्पेरेकर

ताई, तुमच्या आईंना माझा साष्टांग नमस्कार. तो एका बाजूचा हात-पाय एकदम जाण्याचा घोटाळा नवख्या माणसाचा ठरलेलाच असतो. काठ्यांकडे लक्ष गेलं की जन्मभर आपोआप होणारं चालणं बिघडतं. यावर उपाय असा: काठ्या मनगटाच्या पट्ट्याला लोंबकळू द्यायच्या, मुठीत धरायच्याच नाहीत, त्या मागे फरफटत येऊ दे. नुसतं चालायचं. हात सुटे हलायला लागले की हळूच मूठ धरायची.

मी फिनलंडमध्ये अकरा वर्षं आहे. हा प्रकार, म्हणजे नॉर्डिक वॉकिंग, मूळचा इथलाच. स्कीवाले खेळाडू उन्हाळ्यात सरावासाठी काठ्या घेऊन पळायचे, चालायचे. 1997 साली एका फिनिश कंपनीने खास चालण्याच्या काठ्या बाजारात आणल्या आणि मग सगळी म्हातारी-तरणी माणसं रस्त्यावर आली. फिनिशमध्ये याला सरळ 'काठीचालणं' म्हणतात. माझ्या शेजारच्या आजी सांगतात, पहिल्या वर्षी त्या बाहेर पडल्या की पोरं ओरडायची, "आजी, स्की घरी राहिल्या!" म्हणजे आईंना पडलेला प्रश्न खुद्द फिनलंडलाही पडला होता.

लांबीचं गणित: उंची गुणिले 0.68. आईंचे येतात 103. अशा वेळी नवख्याने पाचाच्या पटीतला खालचा आकडा घ्यावा, म्हणजे 100. काठी पायांच्या पुढे रोवायची नाही. तिचं टोक तिरकं मागे पडलं पाहिजे आणि मागे रेटा देताना शेवटी मूठ उघडली पाहिजे. पट्टा हातमोज्यासारखा असतो तो त्यासाठीच. नुसत्या दोरीचा पट्टा असेल तर ती डोंगरात चढायची काठी, ती वेगळी.

गुडघ्यांचं खरं सांगतो. सपाट रस्त्यावर काठीमुळे गुडघ्यावरचा भार फार हलका होतो असं धरून चालू नका. फायदा दुसरा आहे: तोल राहतो, पडायची भीती जाते, खांदे आणि पाठ कामाला लागतात, आणि म्हणून माणूस रोज चालतो. आईंच्या डॉक्टरांना मात्र आधी विचारा.

रोज_दहा_हजार

डांबरी रस्त्यासाठी टोकाला रबरी बूट लावायचा, नाहीतर खडखडाट होतो आणि काठी घसरते. त्या बुटाची चोच मागे हवी. अर्ध्या मासपालोमासने ती पुढे केलेली असते. वाळूत बूट काढायचा, धातूचं टोक चांगलं रुततं. विमानात हातातल्या सामानात बहुतेक नेऊ देत नाहीत, मोठ्या बॅगेत टाका. अखंड काठी बॅगेत मावत नाही, म्हणून घडीची किंवा एकात एक सरकणारी बघा.

आणि एक महत्त्वाचं. दीपगृहापासून शेजारच्या प्लाया देल इंग्लेस किनाऱ्याकडे पाण्याच्या कडेने जाऊ नका, निदान आई-अण्णांना घेऊन. मध्ये विवस्त्र लोकांचा पट्टा आहे. आम्ही सासूबाईंना घेऊन बेसावध गेलो. समोरून एक जोडपं आलं. काठ्या, मनगटाचे पट्टे, टोपी, बूट, मोजे, सगळं जागच्या जागी, बाकी काहीच नाही. सासूबाई त्यांच्या काठ्यांकडेच बघत राहिल्या आणि पुढे गेल्यावर म्हणाल्या, "अगं, त्यांना सांगायला हवं होतं, ऊन लागेल."

मेलोनेरासकडचा फरसबंदी रस्ता घ्या, सपाट आहे आणि बसायला बाकडी आहेत. वाळूच्या टेकड्यांत मात्र आखलेल्या वाटेवरूनच चाला. तो राखीव निसर्गप्रदेश आहे, सुमारे 400 हेक्टर. किनाऱ्यालगतची बालंकोन नावाची झुडपं ती वाळू धरून ठेवतात, आणि लोकांच्या पायांनी ती आधीच बरीच गेलीत. हे मला फार लागतं, म्हणून लिहिलं.

रत्नागिरीचा_खलाशी

आमचं जहाज याच बेटावरच्या लास पाल्मास बंदराला लागायचं, तेव्हा हे बेट चिक्कार पाहिलंय. पाहुण्यांच्या काठ्या सगळे बघतात, पण बेटावरच्यांची स्वतःची काठी त्याहून जुनी आहे. तिथले मेंढपाळ पुरुषभर उंचीपेक्षा लांब लाकडी काठी वापरत, टोकाला लोखंड. कड्यावरून ती खाली टेकवायची आणि तिला धरून घसरत उतरायचं. 'साल्तो देल पास्तोर' म्हणतात, मेंढपाळाची उडी. एका जत्रेत मी ती पाहिली. आठ-नऊ फूट उंचीवरून माणूस अलगद खाली, पायाचा आवाज नाही. दिवाळीनंतर घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन आमच्याकडे कोकणात उतरतात, त्यांची मला आठवण झाली. अण्णांना हे जरूर सांगा. काठी म्हातारपणाचीच असते असं नाही.

तासगावची_लेक (श्टुटगार्ट)

सगळ्यांचे मनापासून आभार. 100 ची जोडी घेतली, घडीची. बुटाची चोच मागे आहे, दोनदा तपासली.

पहिल्या दिवशी आईने ओल्या वाळूत चालून बघितलं. परत येताना ती थांबली आणि मला मागे बघायला लावलं. पावलांच्या दोन्ही बाजूंना टोकांची बारीक भोकं, सारख्या अंतरावर, लांबपर्यंत. म्हणाली, "ठिपके पडलेत बघ. रांगोळीला तेवढ्या रेघा राहिल्या." मग लाट आली. ती पुन्हा तेवढं अंतर चालून आली.

अण्णांना मेंढपाळाची उडी वाचून दाखवली. काही बोलले नाहीत. आज सकाळी मी साडेसातला उठले तर दाराशी काठ्या नव्हत्या आणि आई तर गाढ झोपलेली. गच्चीतून खाली बघितलं. अण्णा बागेतल्या वाटेवर, कंबरेत वाकून, आईच्या छोट्या काठ्या घेऊन चालले होते. बरोबर ते लेबलवाले आजोबा. तेच टाळ्या देत होते, "एक-दोन, एक-दोन."

अण्णा 172 आहेत, म्हणजे हिशोबाने 117, खालचा आकडा 115. इथल्या दुकानात तेवढी जोडी संपलीय. प्लाया देल इंग्लेसमध्ये कुठे मिळेल, कुणाला माहीत आहे का? परवा निघायचंय.