दोन झोपांवरून एका झोपेवर कसं आणायचं? मदत हवी आहे

मुलगी १४ महिन्यांची आहे. आत्तापर्यंत दिवसा दोनदा झोपायची, सकाळी साडेनऊ आणि दुपारी अडीच, रात्री आठला गुडुप. गेले तीन आठवडे दुपारी झोपायलाच तयार नाही, तासभर थोपटत बसा नाहीतर खेळत बसते, आणि चुकून चारला झोपलीच तर मग रात्रीचे साडेदहा ठरलेले.

सकाळची झोप बंद करून पाहिली, पण अकरापर्यंत इतकी पेंगते की जेवता जेवता ताटात डोकं. आणि तसं केलं की रात्री दोनदा उठून रडते, बहुतेक अतिथकव्यामुळे. सकाळची झोप अर्ध्या तासावर आणली तर उठवल्यावर जो दंगा होतो तो विचारू नका. दात येत नाहीयेत, ताप नाही, डॉक्टरांनी तपासलंय, सगळं ठीक. २४ तासांत एकूण साडेअकरा तास झोप होते. रडत ठेवून झोपवणं आम्हाला जमणार नाही, आणि मी कामावर जाते त्यामुळे दिवसा आजी सांभाळतात, म्हणजे रूटीन त्यांना झेपेल असंच हवं.

तर सकाळची झोप रोज १५-१५ मिनिटं पुढे ढकलत साडेबारापर्यंत न्यायची, का अजून महिनाभर दोन झोपाच ठेवून दुपारची छोटी करायची? ज्यांनी हे केलंय त्यांना किती दिवस लागले, आणि तेवढे दिवस रात्री किती वाजता झोपवत होतात?