मदत हवी आहे: गोदामात पाणी शिरून वह्या भिजल्या, कंपनी म्हणते क्लेम बसत नाही

वहीवाला
चिपळूणला आमचं स्टेशनरीचं होलसेल दुकान आहे. गेल्या आठवड्यातल्या पावसात गोदामात गुडघाभर पाणी शिरलं. शाळा नुकत्याच सुरू झालेल्या, त्यामुळे माल ठासून भरलेला. खालच्या थरातले वह्यांचे गठ्ठे सगळे गेले. सर्व्हेयर येऊन बघून गेला, फोटो काढले. काल कंपनीतून फोन आला की क्लेम बसत नाही. हप्ता दरवर्षी वेळेवर जातो आमचा! आता वह्यांना वास सुटलाय, जागामालक रोज येऊन ओरडतो, रद्दीवाला टेम्पो घेऊन यायला तयार आहे. देऊन टाकू का? आणि क्लेमचं काय करू? कृपया लवकर सांगा, लांबण लावू नका.

टवाळ_बोका
का बसत नाही म्हणाले? ते लिहिलंच नाहीत.

मोजपट्टी
रद्दीवाल्याला थांबवा. आधी ते. सर्व्हेयरने लेखी होकार दिल्याशिवाय एक गठ्ठाही हलवू नका. भिजलेला माल हा त्यांच्या हिशेबात सॅल्व्हेज असतो, म्हणजे नुकसानीनंतर उरलेला विकाऊ माल, त्याची किंमत क्लेममधून वजा होते. तुम्ही परस्पर विकलात तर पुरावाही गेला आणि "किती किलो होतं, कितीला गेलं" हा वाद वेगळा. मी पंचवीसेक वर्षं हेच काम केलं आहे, अर्धे क्लेम इथेच नासतात.

आता सांगा: पॉलिसी कोणती, कुणी काढली, आणि फोनवर नेमकं काय कारण दिलं?

वहीवाला
पॉलिसी दुकानाची आहे. आगीची वगैरे. कारण म्हणे "लोकेशन" जुळत नाही. पाणी काय लोकेशन बघून शिरतं का?

समीर_विमासल्लागार
नमस्कार. म्हणूनच मी नेहमी सांगतो की विमा घेताना अनुभवी सल्लागाराकडूनच घ्यावा. आमच्याकडे दुकानदारांसाठी संपूर्ण पॅकेज आहे, सोबत कुटुंबाचा आरोग्य विमा आणि टर्म प्लॅनही करून देतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

टवाळ_बोका
भिजल्या वह्या, विकतोय टर्म प्लॅन. धन्य.

पेठमापची_सून
गटाराचं पाणी का नदीचं? नदीचं नसेल तर पूर धरत नाहीत. आमच्या शेजाऱ्यांना असंच सांगितलं होतं.

मोजपट्टी
हे चुकीचं आहे ताई, उगाच घाबरवू नका. पॉलिसीत वादळ आणि पुराच्या जोडीला "जलमय होणे" हा धोकाही लिहिलेला असतो. गटार तुंबून बाहेरचं पाणी आत आलं तरी तो त्यात बसतो. नळ फुटला किंवा टाकी वाहिली तर ते वेगळं कलम. जुन्या फायर पॉलिसीत हप्ता कमी करायला काही जण पूर-वादळ वगळून घेत, ते मात्र तपासायला हवं. १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी, म्हणजे एका ठिकाणी पाच कोटींपर्यंतच्या मालमत्तेसाठी, "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" आली. तिच्यात पूर आतच असतो.

वहीवाले, पॉलिसीच्या पहिल्या पानावर नाव काय लिहिलं आहे ते बघून सांगा. आणि पत्ता. गोदाम दुकानाच्याच पत्त्यावर आहे का?

वहीवाला
नाही हो. दुकान चिंचनाक्याला, गोदाम वडनाक्याकडे. भाड्याचं आहे. सगळ्यांनाच माहीत आहे. बँकेच्या साहेबांनी येऊन बघितलेलं आहे. पॉलिसीवर "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" असंच आहे.

माजी_बँकर
बँकेचे साहेब कुठून आले मध्येच? कॅश क्रेडिट, म्हणजे मालाच्या तारणावरचं कर्जखातं, आहे का? पॉलिसी बँकेने काढली आहे?

वहीवाला
हो, सीसी आहे. हप्ता खात्यातून जातो. पॉलिसी बँकच काढते. हे लिहायला पाहिजे होतं का? मला वाटलं सगळ्यांची तशीच असते.

माजी_बँकर
मग सगळा मामला तिथेच आहे. नीट ऐका.

सीसीवाल्याने दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं असतं. त्यात माल कुठे किती ते लिहिता ना? वडनाक्याचा पत्ता त्यात असेल तर बँकेला गोदाम ठाऊक होतं, त्या मालावर तिने उचलही दिली, आणि विमा काढताना फक्त दुकानाचा पत्ता टाकला. ही चूक तुमची नाही. शाखेत जाऊन आजच लेखी द्या: अमुक तारखांच्या स्टेटमेंटमध्ये गोदामाचा पत्ता आहे, तुमच्या अधिकाऱ्याने तपासणीचा शेरा मारला आहे, तरी पॉलिसीत तो का नाही, आणि कंपनीला तसं कळवा. पोच घ्या. गोड बोलून "बघतो" म्हणतील, त्यावर जाऊ नका.

आणखी एक. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल, त्यामुळे पैसे आले तरी आधी सीसी खात्यातच जमा होतील. हातात चेक येणार नाही, ते आत्ताच मनात धरून चाला.

पेठमापची_सून
२२ जुलै २०२१ला आमच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी होतं. तेव्हा बँकवाले कुणी फिरकलं नाही. सरकारकडून दुकानदारांना जास्तीत जास्त पन्नास हजार मिळाले, त्यालाही पंचनामा लागला. तुम्ही तलाठ्याला बोलावलंत का? त्याचा पंचनामा झाल्याशिवाय काही मिळत नाही.

मोजपट्टी
तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी. विम्याला सर्व्हेयरचा अहवाल. दोन्ही करून ठेवा, एकाने दुसरं अडत नाही. नगरपरिषदेकडून त्या दिवशी त्या भागात पाणी भरल्याचं पत्र मिळालं तर सोबत जोडा, त्याचा उपयोग होतो.

वाशिष्ठीकाठी
पत्रं कसली गोळा करता! मुळात पाणी का भरतं ते विचारा. कोळकेवाडी धरणातून सोडलेलं पाणी आणि नदीतला गाळ. २००५ला हेच, २०२१ला हेच. गाळ काढला म्हणतात, परत येतोच आहे. निळी आणि लाल पूररेषा मारून अर्धं गाव पुरात दाखवलं, घर बांधायचं तर परवानगी मिळेना. विमा घ्यायचा का होडी?

टवाळ_बोका
होडीचा वेगळा विमा असतो. समीर, आहात का?

घाटमाथा
कोळकेवाडीवर सगळं ढकलू नका. त्या दिवशी महाबळेश्वर-कोयनेच्या पट्ट्यात आणि खाली चिपळुणात पाऊस किती पडला होता ते बघा. भरती होती ती वेगळीच.

वाशिष्ठीकाठी
तुम्ही घाटावर राहता, तुम्हाला काय.

पाटणकर_आजोबा
माझी स्कूटर परवा पाण्यात उभी होती, निम्म्या चाकापर्यंत. सुरू करू का? मुलगा म्हणतो थांबा.

मोजपट्टी
मुलाचं ऐका, आजोबा. इंजिनात पाणी गेलं असेल तर स्टार्टर मारल्यावर आतला दांडा वाकतो. नुसत्या पाण्यात उभं राहून झालेलं नुकसान पूर्ण (कॉम्प्रिहेन्सिव्ह) विम्यात बसतं, पण नंतर सुरू करून झालेलं नुकसान कंपन्या नाकारतात. थर्ड पार्टीच असेल तर गाडीला काहीच मिळत नाही. मेकॅनिकला ढकलत न्यायला सांगा. आणि प्रश्न वेगळ्या धाग्यात विचारा.

वहीवाला
माझा प्रश्न राहिला. स्टॉक स्टेटमेंटमध्ये गोदामाचा पत्ता आहे. मागच्या वर्षीची फाईल काढून बघितली, प्रत्येकात आहे. आता कंपनी मानेल ना?

मोजपट्टी
लगेच मानेल असं नाही. काल फोनवर जे सांगितलं ते लेखी मागा, कारणासकट आणि पॉलिसीच्या कोणत्या अटीखाली नाकारतात ते. फोनवरचं "बसत नाही" हे नाकारणं नव्हे. सर्व्हेयर नुकसान मोजतो, क्लेम मान्य करायचा की नाही हे कंपनी ठरवते. त्याच्या अहवालाची प्रत मागायचा तुम्हाला हक्क आहे.

दुसरं, एक अप्रिय प्रश्न. विमा किती रकमेचा आहे आणि त्या दिवशी एकूण माल किती होता?

वहीवाला
विमा पंधरा लाख. माल दुकान-गोदाम मिळून वीसेक लाखांचा असेल, जूनला तेवढा लागतोच. नुकसान सहा लाख. सहा मिळतील ना?

माजी_बँकर
नाही. आणि हे आधी सांगितलं नाही म्हणून नंतर शिव्या घालू नका. वीसचा माल पंधराला विमा, म्हणजे तीन-चतुर्थांश. सहा लाखांचे साडेचारच होतील, शिवाय एक्सेस (आपण स्वतः सोसायची रक्कम) आणि रद्दीची किंमत वजा. या पॉलिसीत फरक पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर कापत नाहीत, तुमचा पंचवीस आहे.

वहीवाला
ही लूट आहे! पूर्ण वर्ष पंधराचाच माल असतो, फक्त मे-जूनला वाढतो.

मोजपट्टी
म्हणूनच सीझनला रक्कम वाढवून घ्यायची असते, दोन-तीन महिन्यांपुरती. हप्ता थोडाच वाढतो. आणि दोन ठिकाणी माल फिरत असेल तर फ्लोटर घ्यायचं, दोन्ही पत्ते घालून. पण ते पुढच्या वेळचं. आत्ता वीस लाख हा आकडा अंदाजाने सांगू नका. खरेदीची बिलं, विक्रीची नोंद, महिनाअखेरचा साठा यांवरून काढा. कमी असेल तर तुमचाच फायदा आहे, पण हिशेबात लपवाछपवी करू नका, जीएसटीच्या नोंदी सर्व्हेयर बघतो.

हिशेबनीस_वैशाली
जीएसटीवरून आठवलं. नष्ट झालेल्या मालावरचं इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट, परत करावं लागतं, कलम १७(५)(h). बहुतेक दुकानदार हे विसरतात आणि नंतर व्याज भरतात.

माजी_बँकर
वह्यांवर आता जीएसटी कुठे आहे? २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला.

हिशेबनीस_वैशाली
मान्य, वह्यांचा प्रश्न नाही. पण गोदामात फक्त वह्याच होत्या का? पेन, दप्तरं यांवर कर आहेच, त्या मालाचं बघावं लागेल. क्लेममध्ये मालाची किंमत करासकट धरायची की वगळून, हेही त्यावर ठरतं.

वहीवाला
पेन प्लास्टिकच्या पिशवीत होते, वाचले. थोडी दप्तरं गेली.

समीर_विमासल्लागार
कंपनीने नाकारलं तर थेट ग्राहक मंचात जा. वकील ओळखीचे आहेत माझ्या.

माजी_बँकर
सगळ्यात आधी वकील कशाला? पहिल्यांदा कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी द्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. नाकारल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. रत्नागिरी जिल्हा पुण्याच्या कार्यालयाकडे येतो. बँकेविरुद्धची तक्रार वेगळी, ती रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

घाटमाथा
लोकपाल घरगुती पॉलिसीसाठी असतात, धंद्याच्या नव्हे.

माजी_बँकर
एकट्या मालकाची फर्म आणि सूक्ष्म उद्योग यांच्या पॉलिसीही चालतात. वहीवाले, तुमची फर्म कशी आहे? भागीदारी असेल तर उद्यम नोंदणी, म्हणजे सूक्ष्म उद्योग असल्याची सरकारी नोंद, आहे का?

वहीवाला
भाऊ आणि मी, भागीदारी. उद्यम आहे, बँकेनेच करून घेतलं होतं.

माजी_बँकर
मग प्रमाणपत्र काढून ठेवा.

वहीवाला
सर्व्हेयरला मेल केला. उत्तर आलं: वजनकाट्याच्या पावतीवर आणि तीन रद्दीवाल्यांच्या भावासह विकायला हरकत नाही, दप्तरं मात्र ठेवा. रद्दीवाला संध्याकाळी येतोय. जागामालक गप्प. बँकेत गेलो, साहेब म्हणाले पत्र देतो, पण "चूक आमची" असं लिहिणार नाहीत.

माजी_बँकर
तसं कुणीच लिहीत नाही. "गोदामातील साठ्याची माहिती शाखेला होती आणि तो साठा बँकेकडे तारण आहे" एवढं लिहून घ्या, पुरेसं आहे. तारखांसकट.

वाशिष्ठीकाठी
आणि गाळाचं?

मोजपट्टी
स्टेटमेंटच्या पोच-प्रती जोडल्यात का? शिक्का असलेल्याच चालतील.

वहीवाला
एप्रिलच्या प्रतीवर शिक्का पुसट आहे, वाचता येत नाही. मेची स्वच्छ आहे. मेची जोडतो, एप्रिलची दुसरी प्रत शाखेतून मागतो.