हायस्कूल खो-खो : यंदा कुणाचं पारडं जड?

प्रश्न : दहावीची पोरं गेली, पाचच जुने गडी उरलेत. झोनच्या स्पर्धा तोंडावर आल्यात. बेळगाव-खानापूरकडच्या संघांचा अंदाज कसा घ्यायचा?

उत्तर : सर, किती गेले यापेक्षा कोण गेलं ते बघा. खांबावर सूर मारणारा गेला असेल तर संघ निम्मा होतो. त्या जागी न कचरता झेपावणारा, लांब हाताचा नववीतला गडी तयार करा. बसणाऱ्या आठांपैकी सर्वांत चपळ दोघे दोन्ही खांबांलगतच्या चौकोनांत हवेत.

उत्तर : खानापूरच्या संघांना जूनमधल्या खेळावरून जोखू नका. पावसानं त्यांची मैदानं बंद असतात, उघडीप मिळाली की ते झपाट्यानं सुधारतात. चिखलात सूर मारू देऊ नका, कोपरं सोलतात. व्हरांड्यात खो द्यायचा सराव घ्या : पाठीला हात आणि ‘खो’ एकाच क्षणी. बसलेला आधीच उठला की फाऊल, तो सुधारेपर्यंत पळणारा दोन चौकोन पुढं गेलेला असतो.

उत्तर : निपाणीची धास्ती आत्ताच नको. ते बेळगावहून वेगळ्या चिक्कोडी शैक्षणिक जिल्ह्यात, गाठ पडलीच तर विभागीय स्पर्धेत. तुमचे पाच जुने संरक्षणात वाटून टाका. पळायला उतरणाऱ्या पहिल्या तिघांच्या तुकडीत दोन जुने हवेतच. तिघेही नवखे असले तर तुकडी मिनिटभरात कापली जाते.