मेलेल्या डुकराची भरपाई नाही, मारलेल्याची आहे: हा नियम बदलावा का?

धागाकर्ता: सरळरेषा

आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात आल्याची अधिकृत नोंद मे 2020 मध्ये झाली. आसाम आणि अरुणाचल प्रदेशातून भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे पाठवलेल्या नमुन्यांत विषाणू सापडला. 2021 मध्ये मिझोराम आणि 2022 मध्ये केरळ, पंजाब, मध्य प्रदेश अशी त्याची वाटचाल झाली. हा रोग माणसाला होत नाही आणि 2009 साली पुण्यात गाजलेल्या स्वाइन फ्लूशी त्याचा काही संबंध नाही, तरीही अजून काही बातम्यांत दोन्ही एकच असल्यासारखे लिहिले जाते. डुकरांसाठी मात्र तो जवळजवळ मृत्युदंडच आहे. त्यावर उपचार नाही आणि आपल्याकडे लसही वापरात नाही.

त्यामुळे शासनाच्या हाती एकच मार्ग उरतो. ज्या ठिकाणी रोग निश्चित होईल तेथून एक किलोमीटरच्या परिसरातील सर्व डुकरे, मग ती निरोगी का असेनात, मारून पुरायची, आणि दहा किलोमीटरपर्यंत निरीक्षण व वाहतूकबंदी ठेवायची. मारलेल्या जनावराची भरपाई वजनानुसार मिळते. केंद्राच्या ठरलेल्या दरांप्रमाणे 15 किलोपर्यंतच्या पिलाला 2,200 रुपये, 40 किलोपर्यंत 5,800, 70 किलोपर्यंत 8,400, 100 किलोपर्यंत 12,000 आणि त्याहून मोठ्या जनावराला 15,000 रुपये दिले जातात.

माझा आक्षेप दरांवर नाही, अटीवर आहे. भरपाई फक्त शासकीय पथकाने मारलेल्या डुकराची मिळते, रोगाने मेलेल्याची नाही. आता वराहपालकाच्या जागी उभे राहून विचार करा. त्याच्या दहापैकी दोन डुकरांनी खाणे सोडले आहे, कानांवर लालसर-जांभळे डाग दिसत आहेत. त्याने कळवले, तर नमुना जाणार, अहवाल येणार, अधिसूचना निघणार, आणि तोवर त्याची निम्मी जनावरे मरणार. त्यांचे त्याला काहीच मिळणार नाही आणि उरलेली विकायलाही बंदी असणार. त्याने कळवले नाही आणि त्याच रात्री व्यापाऱ्याला फोन केला, तर आठ डुकरांचे पैसे रोख हातात पडतील. ती आठ डुकरे टेम्पोतून पुढच्या बाजारात जातील आणि सोबत विषाणूही जाईल. रोग रोखण्यासाठी केलेला नियम मालकाला रोग पसरवण्याचे पैसे देत असेल, तर त्या नियमात दुरुस्ती हवी. लेखी सूचना दिल्याच्या दिवशी जी डुकरे जिवंत होती, त्या सर्वांची भरपाई द्यावी, मग ती पथकाने मारोत वा रोगाने मरोत, असे माझे म्हणणे आहे.

निवृत्त पशुवैद्य

भावना समजते, पण मांडणी मान्य नाही. भरपाई हा विमा नव्हे. शासन जेव्हा तुमचे जिवंत, कदाचित निरोगी जनावर सार्वजनिक हितासाठी तुमच्याकडून घेऊन मारते, तेव्हा तुमची मालमत्ता घेतल्याची किंमत ते देते. रोगाने मेलेल्या जनावराची किंमत रोगानेच शून्यावर आणलेली असते. हा भेद पुसला, तर शासन सर्व पशुरोगांचे विमादार होईल.

व्यवहारातील अडचणी तर याहून मोठ्या आहेत. डुक्कर केवळ याच रोगाने मरते असे नाही. शास्त्रीय वराहज्वर (क्लासिकल स्वाइन फीवर, हा वेगळ्या विषाणूचा रोग), घटसर्प, मिठाची विषबाधा यांनीही ते मरते, आणि आपल्याकडील बहुतेक डुकरांना कानात बिल्ला नसतो. मेलेल्याचे पैसे मिळतात हे कळल्यावर शेजारच्या गावातील मृत जनावरे भरपाईच्या गावात येणार नाहीत, याची हमी कोण देणार? मेलेले डुक्कर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणे हाच तर रोग पसरवण्याचा सर्वात खात्रीचा उपाय आहे. शवात आणि गोठवलेल्या मांसात हा विषाणू दीर्घकाळ टिकून राहतो.

आणखी एक. कळवणे ही मेहरबानी नसून कायदेशीर कर्तव्य आहे. 2009 च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंध व नियंत्रण कायद्यानुसार मालकाने, किंबहुना ज्याच्या ताब्यात जनावर आहे त्या कोणीही, ग्रामपंचायतीला किंवा ग्राम अधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. दंड मात्र हास्यास्पद आहे. मूळ तरतूद पहिल्या गुन्ह्याला एक हजार रुपयांपर्यंतची आहे. आधी हा दंड वाढवावा, भरपाईचा विचार नंतर करावा.

लुइतकाठचा मराठी

मी नोकरीनिमित्त आसामात राहतो. दंड वाढवण्याची सूचना वाचून मला 2020 चा उन्हाळा आठवला, कारण तेव्हा मृत डुकरे ब्रह्मपुत्रेत वाहत येत होती. त्याच कायद्यात रोगी जनावर किंवा शव नदीत टाकणाऱ्यासाठी वेगळा, दोन हजार रुपयांपर्यंतचा दंड आहे. नदीत वाहणाऱ्या शवावर मालकाचे नाव नसते. दंड दोन लाख केला, तरी तो कोणाकडून वसूल करणार?

आसाम सरकारचीही त्या वेळी द्विधा अवस्था होती, हेही नोंदवायला हवे. केंद्राची मान्यता असूनही राज्याने मे महिन्यात डुकरे लगेच न मारण्याचा निर्णय घेतला. विचार वाईट नव्हता, हजारो गरीब कुटुंबांची एकुलती एक मिळकत वाचवण्याचा होता. सप्टेंबरमध्ये अखेर सुमारे 12 हजार डुकरे मारण्याचे ठरले, तोवर सुमारे 18 हजार रोगाने मेली होती. म्हणजे भरपाईच्या यादीत येणाऱ्यांपेक्षा यादीबाहेर गेलेली जास्त. पुढच्याच वर्षी मिझोराममध्ये 33 हजारांहून अधिक डुकरे रोगाने मेली आणि मारलेली त्याच्या साधारण एक तृतीयांश होती. धागाकर्त्यांचा आक्षेप या आकड्यांतून दिसतो. रोग जितका वेगाने मारतो आणि पथक जितके उशिरा पोहोचते, तितका शासनाचा खर्च वाचतो. उशिराचा फायदा ज्याला होतो, त्याच्याकडे वेगाची अपेक्षा कशी करायची?

इथली डुकरे मोठ्या फार्मवरची नाहीत. 2019 च्या पशुगणनेनुसार देशातील सुमारे 90 लाखांपैकी 21 लाख डुकरे एकट्या आसामात आहेत, आणि ती बहुतांशी घरामागच्या बांबूच्या खोपटात दोन-चार अशी असतात. मुलांची फी, आजारपण, लग्नकार्य यांसाठीची ती ठेव असते. एक किलोमीटरच्या वर्तुळात तीस-चाळीस घरे सहज येतात, आणि कळवणारा एकच असतो. उरलेल्या घरांची निरोगी डुकरे त्याच्यामुळे मारली जातात. त्या माणसाला गावात पुढे किती वर्षे बोल ऐकावे लागत असतील, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते.

तुकडेजोड

लस येईपर्यंत थांबायचे, असे कोणी म्हणत नाही का? व्हिएतनामने तर लस काढली आहे.

निवृत्त पशुवैद्य

काढली आहे, पण सावधपणे पाहावे. तेथे 2022 मध्ये परवाना दिलेल्या पहिल्या लसीचा वापर काही डुकरे दगावल्यानंतर थांबवावा लागला. दुसऱ्या लसीला जुलै 2023 मध्ये देशभर वापराची परवानगी मिळाली. दोन्ही जिवंत विषाणूच्या लसी आहेत, आणि दुर्बल केलेला विषाणू कळपात फिरून पुन्हा बळावण्याची भीती जगभरच्या तज्ज्ञांना आहे. तोवर नियंत्रण म्हणजे वाहतूक, खाद्य आणि वेळेवर मारणे, एवढेच.

हिशोबनीस

पशुवैद्य महाशयांनी मालमत्ता घेणे आणि रोगाने मरणे यांत जो तात्त्विक भेद केला आहे, तो महाराष्ट्र शासनाने स्वतःच 2022 मध्ये मोडला. लम्पी चर्मरोगाने मेलेल्या गाईला 30 हजार, बैलाला 25 हजार आणि वासराला 16 हजार रुपये दिले गेले. ती जनावरे शासनाने मारली नव्हती, रोगाने मेली होती. पंचनामे झाले, रक्कम खात्यात आली, आणि शासन काही सर्व रोगांचे विमादार झाले नाही. मग फरक जनावराचा आहे की जनावर पाळणाऱ्याचा? डुक्कर पाळणारा समाज कोणता आहे आणि विधानसभेत त्याच्यासाठी बोलणारे किती आहेत, याचा हिशोब केल्याशिवाय या नियमाचा उगम कळणार नाही.

दुसरा मुद्दा निधीचा. पशुरोगांचा प्रतिबंध हा राज्यसूचीतील विषय आहे; एका राज्यातून दुसऱ्या राज्यात रोग जाऊ न देणे हा समवर्ती सूचीतील. भरपाईचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा करतात. केंद्राचा वाटा यायला वेळ लागतो, म्हणून राज्याला आधी स्वतःच्या तिजोरीतून द्यावे लागते. केरळने हे केले. जुलै 2022 मध्ये वायनाडमध्ये रोग निश्चित झाला आणि भरपाईचे वाटप ऑगस्टमध्येच सुरू झाले. जिथे शेजाऱ्याला पैसे मिळालेले डोळ्यांनी दिसतात, तिथे पुढचा माणूस कळवतो. नियमात काय लिहिले आहे यापेक्षा पैसे कोणत्या महिन्यात आले, हे गाव लक्षात ठेवते.

निवृत्त पशुवैद्य

लम्पीचे उदाहरण गैरलागू आहे असे मी म्हणणार नाही, पण ते दोन्ही बाजूंनी कापते. लम्पीत लस उपलब्ध होती, जनावरे मारण्याचे धोरणच नव्हते, त्यामुळे ती मदत म्हणजे दुष्काळात वा अतिवृष्टीत देतात तशी मदत होती. तिचा रोग लपवण्याशी किंवा कळवण्याशी संबंध नव्हता. येथे आपण पैशाने वर्तन बदलू पाहत आहोत, आणि पैशाने बदललेले वर्तन नेहमी आपल्याला हव्या त्याच दिशेला जात नाही. बाजारभाव कोसळलेला असताना सरकारी दर त्याहून चढा राहिला, तर बाधित क्षेत्रात डुकरे बाहेर जाण्याऐवजी आत येऊ लागतात.

जातीचा मुद्दा मात्र मी नाकारत नाही.

रानवाट

सगळी चर्चा पाळीव डुकरांची चालली आहे. आसामातील मानस अभयारण्याच्या गवताळ प्रदेशात जगातील सर्वात छोटे रानडुक्कर, म्हणजे पिग्मी हॉग, शेवटच्या काही शेकड्यांत उरले आहे. ते या रोगाला बळी पडू शकते. काझीरंगाच्या अगोरातोली भागात 2020 मध्ये रानडुकरे आणि गावातील डुकरे एकमेकांपर्यंत पोहोचू नयेत म्हणून सुमारे दोन किलोमीटरचा खंदक खणावा लागला होता. एकदा हा विषाणू रानडुकरांत स्थिरावला, की तेथे ना पंचनामा चालतो ना भरपाई. चेक प्रजासत्ताकाने आणि बेल्जियमने रानडुकरांतील रोग आटोक्यात आणला खरा, पण कुंपणे, शवांचा शोध आणि शिकाऱ्यांचे मोठे जाळे यांच्या बळावर. आपल्याकडे ते उभे राहण्याची शक्यता मला दिसत नाही. म्हणून गावातला पहिला फोन वेळेवर यावा यासाठी चार पैसे जास्त गेले, तरी ते स्वस्तच आहे.

कोकणातला वराहपालक

माझा छोटा व्यवसाय आहे, म्हणून थोडे लिहितो. नमुना, दर, अधिसूचना याआधी खाद्याबद्दल बोला. आमच्यासारख्यांचे निम्मे खाद्य हॉटेलांचे खरकटे असते, आणि रोग येण्याचा मोठा रस्ता तोच आहे, कारण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. खरकटे नीट उकळून द्यावे हे आम्हाला ठाऊक आहे. मोठे भांडे, इंधन आणि दोन तासांची मजुरी यांचा खर्च कोण उचलतो? तयार खाद्य घेतले तर नफा उरत नाही. शासनाला खरेच रोग थांबवायचा असेल, तर मेल्यावर पैसे देण्याआधी उकळण्यासाठी अनुदान द्यावे. ते भरपाईपेक्षा स्वस्त पडेल.

दुसरे असे, की नोंदणीकृत फार्म आणि शहरांतील मोकाट डुकरे यांना एकाच नियमात बसवू नका. आपल्या कितीतरी नगरपालिकांत डुकरे रस्त्यावर फिरतात आणि पालिकेने पकडली की मगच मालक उगवतो. तेथे रोग आला, तर एक किलोमीटरच्या वर्तुळात कोणाची डुकरे मारणार आणि पैसे कोणाला देणार? माझी डुकरे मोजून, बिल्ला लावून, गोठ्यात आहेत. मी कळवले तर माझे नुकसान नक्की, आणि गावातील मोकाट डुकरे कोणालाच सापडणार नाहीत.

सरळरेषा

बिल्ल्याचा मुद्दा माझ्या मागणीला बळ देतो असे मला वाटते. पशुवैद्यांची मुख्य भीती अशी, की मेलेली डुकरे बाहेरून आणून दाखवली जातील. ज्यांची आधी नोंद आहे आणि कानात बिल्ला आहे, त्याच डुकरांसाठी सूचनेच्या दिवसापासूनची भरपाई लागू करावी. ज्याला हे संरक्षण हवे, तो नोंद करील. आजवर नोंदणी होत नाही, कारण तिच्यातून मालकाला काहीच मिळत नाही.

स्पेनचे उदाहरण येथे उपयोगी आहे. तेथे हा रोग 1960 मध्ये शिरला आणि 25 वर्षे हटला नाही. 1985 मध्ये त्यांनी पुन्हा नव्याने कार्यक्रम आखला. पशुपालकांचे आरोग्य संघ बांधले, फिरती पशुवैद्यकीय पथके नेमली, कळपांची रक्ततपासणी आणि समाधानकारक भरपाई दिली. 1995 पर्यंत देश रोगमुक्त झाला. त्यांनी पालकांना आरोपी न मानता यंत्रणेचा भाग केले.

निवृत्त पशुवैद्य

स्पेनच्या शेजारी नेदरलँड्सही ठेवा. 1997-98 मध्ये तेथे शास्त्रीय वराहज्वराची साथ आली. सुमारे 430 कळपांत रोग आढळला, पण एक कोटीहून अधिक डुकरे नष्ट करावी लागली. बहुतेक रोगामुळे नव्हे, तर वाहतूकबंदीमुळे गोठ्यांत जागाच उरली नाही म्हणून. पैसा, नोंदणी, पशुवैद्य, सगळे असूनही असे झाले. म्हणजे बंदीचा काळ भरपाईच्या हिशोबात धरला नाही, तर तुमची दुरुस्ती अपुरी आहे.

नोंद आणि बिल्ला असलेल्या डुकरांपुरती तुमची सूचना मी प्रयोग म्हणून एखाद्या जिल्ह्यात मान्य करीन. त्यावर माझी एक अट आहे. मालकाने कळवल्यापासून ठरावीक तासांत पथक गेले नाही, तर त्या उशिराची नोंद अधिकाऱ्याच्या नावावर लागावी, मालकाच्या नव्हे.

लुइतकाठचा मराठी

अट उत्तम आहे, पण पशुवैद्यांची रिक्त पदे भरल्याशिवाय तिचा अर्थ एवढाच, की तालुक्यातील एकमेव डॉक्टरवर आणखी एक खुलासा लिहिण्याचे काम पडेल.

कोकणातला वराहपालक

आणि मारल्यावर गोठा कित्येक आठवडे रिकामा ठेवावा लागतो. पुन्हा डुकरे आणण्याआधी चाचणीपुरती दोन-चार जनावरे ठेवून पाहावी लागतात. त्या काळात कर्जाचा हप्ता थांबत नाही. 15 हजारांच्या दरात हा काळ धरलेला आहे का, हे आधी कोणीतरी सांगावे.