मदत हवी आहे: प्रिव्ह्यू साडेतीन सेकंदांवर अडकतो
मंडळी, रॅमने जेरीस आणलंय. मशीनमध्ये १६ जीबी आहे, त्यातली १२ इफेक्ट्सच्या सॉफ्टवेअरला दिलीय. ३८४० बाय २१६० ची दहा सेकंदांची क्लिप, वर धूर आणि ग्लो. प्रिव्ह्यूची पट्टी साडेतीन सेकंदांपर्यंत सरकते आणि तिथेच ठाण मांडते.

हिशेब केला: ३२ बिट प्रति चॅनेल (लाल, हिरवा, निळा), अल्फा म्हणजे पारदर्शकतेचा चॅनेल धरून, रॅममध्ये एक फ्रेम सुमारे १३३ एमबी. सेकंदाला २५ धरून २५० फ्रेम्सना ३३ जीबी! ८ बिटला चौथा हिस्सा लागतो, पण ग्लोच्या कडेला पट्टे उमटतात, ते डोळ्यांत खुपतात. अर्ध्या रिझोल्यूशनवर धुराचा पोत कळत नाही.

डिस्क कॅशे (तयार फ्रेम्स डिस्कवर साठवायची जागा) एसएसडीवर नेल्याने खरंच फरक पडतो का? की धूर आधीच वेगळा रेंडर करून, म्हणजे तयार व्हिडिओ बनवून, ठेवावा? नाहीतर ६४ जीबी घ्यावीच लागेल, ३२ तर पुरणारच नाही.