डावखुऱ्यांसाठी यानागिबा: मागून धार काढण्याआधी

यानागिबा म्हणजे कच्चे मासे कापायची, एकाच बाजूने उतार असलेली लांब जपानी सुरी. उजव्या हाताचा यानागिबा मागूनही घासून डाव्या हाताला चालवावा, असा सल्ला दिला जातो. पण त्याने कापताना सुरीचं तिरकं जाणं पूर्ण थांबत नाही. सुरी तिरकी ओढली जाते ती पुढच्या रुंद उतारामुळे (किरेहा), आणि तो तसाच राहतो.

मागची बाजू, म्हणजे उरा, सपाट नसते. मधे खोलगट असते, दगडाला फक्त कडेची बारीक पट्टी टेकते. कासुमी, म्हणजे पोलाद आणि लोखंड जोडून केलेल्या पात्यात, कडक पोलाद याच बाजूला असतं, पुढे मऊ लोखंड. मागून फार घासलंत तर धार सरकत मऊ लोखंडात जाते आणि मग टिकतच नाही. होन्याकी प्रकारची सुरी अख्खी पोलादी, तिथे ही भीती नाही. पण तिला हात लावायची हिंमत कोण करणार!

करायचंच असेल तर धारेला मार्कर फासा. पातं ३० मिमी रुंद असेल तर पाठ (धारेसमोरची बोथट कड) दगडापासून ८ मिमी उचला, १५ अंश होतात. ३००० ग्रिटच्या (बारीक कणांच्या) दगडावर हलक्या हाताने मोजके फटके. मार्करची फक्त केसाएवढी रेघ पुसली की थांबा. १००० ग्रिटच्या जास्त खरखरीत दगडाने अर्धा मिमी पट्टी पाडलीत, तर पुन्हा मूळ रूपात आणायला पुढून तेवढीच, जवळपास अर्धा मिमी, रुंदी घासून घालवावी लागते.

शिवाय पुढचे १०-१५ अंश धरून एकूण कोन २५-३० होतो. त्यापेक्षा सुजिहिकी (दोन्हीकडून धारेची लांब सुरी) बरी. देबा (मासे साफ करायची जाड सुरी) हवी असेल तर दोन्हीकडून धारेची र्‍योदेबा मुळात मिळतेच.